परसांतील शेवंती व ओट्यावरील दिवा

आश्विन लागला कीं परसांतील झेंडू पिंवळाधमक होतो आणि त्यामागोमाग शेवंती कळ्या धरूं लागते. जन्मभर जमाबंदीच्या आंकड्यांत मान घातलेल्या आमच्यासारख्या माणसास सेवानिवृत्तीनंतर लाभलेलें हें मोठेंच सुख होय.

परंतु गतवर्षीं ओट्यालगतच्या सहा झाडांनीं कळीच धरली नाहीं. विहिरीकडील त्याच जातीचीं झाडें मात्र फुलांनीं लवून गेलीं होतीं. पाणी घालण्याचें काम कुटुंबाकडे असल्यामुळें आम्हीं दोष तिला दिला, व चार शब्द अधिकच बोललों.

वस्तुतः अपराध आमचाच होता. त्याच सालीं आम्हीं ओट्यावर विजेचा दिवा बसविला व तो रात्रभर जळत ठेविला. शेवंती ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पति. रात्र पुरेशी लांब झाल्याचें पानांस कळलें म्हणजेच ती कळी धरिते. अमेरिकेंतील गार्नर व अॅलर्ड या शास्त्रज्ञांनीं वनस्पतींचा हा धर्म १९२० सालीं प्रसिद्ध केला. मध्यरात्रीं थोडा वेळ पडलेला उजेडही ती लांब रात्र मोडतो. फुलांचा व्यापार करणारे माळी बहर लांबविण्यासाठीं मुद्दाम असे दिवे लावितात.

यंदा श्रावण सरल्यापासून तो दिवा आम्हीं लाविलाच नाहीं. माजघरांतील दिव्यावर भागविलें. ज्या वाचकांच्या कुंपणाशीं रस्त्याचा दिवा असेल त्यांनीं शेवंती घराच्या आडोशास लावावी.

पाडव्यास त्या सहाही झाडांचीं फुलें परडींत आलीं. कुटुंबानें वेणी गुंफिली. गतवर्षींच्या बोलण्याचा उल्लेख तिनें केला नाहीं. तो आम्हांसच करावा लागला.