‘काही मारू नका’ असं सांगणं कोणाला परवडतं?

कपाशीच्या पानाखाली मावा दिसला की विदर्भातला शेतकरी ते पान खुडून खिशात घालतो आणि थेट कृषी सेवा केंद्र गाठतो. दुकानदार पान उलटंपालटं करून पाहतो, मागच्या फळीवरून दोन बाटल्या काढतो आणि पंपाला किती टाकायचं ते सांगतो. पैसे हंगामावर. सल्ल्याची वेगळी फी कोणी मागत नाही. ती बाटलीच्या किमतीतच धरलेली असते.

या दुकानदाराला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. बँक उभं करत नाही तेव्हा उधारी तोच देतो. पंचक्रोशीतल्या शेतांची पानं रोज त्याच्याच टेबलावर येतात, त्यामुळे कोणत्या शिवारात कोणती कीड आली हे त्याला कृषी सहायकाच्याही आधी कळतं. अनेक दुकानदारांनी ‘देसी’ हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रमही केलेला असतो. तेव्हा प्रश्न त्याच्या माहितीचा नाही. एक वाक्य बोलणं मात्र त्याला जड जातं : ‘थांबा, अजून काही मारायची गरज नाही.’

आणि बरेचदा बरोबर असतं ते हेच वाक्य. गुलाबी बोंडअळीचंच घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडकी निघाली, की मग फवारणीचा विचार करा, असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. त्याआधी मारलेलं औषध खिशाला भुर्दंड पाडतं, शिवाय मावा खाणारे ढालकिडेही मारून टाकतं. मग मावा आणखी वाढतो आणि शेतकरी पुन्हा त्याच दुकानात जातो. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, तोंडाला फडकंसुद्धा नाही, आणि दोन-तीन औषधं एकाच पंपात, अशी कारणं तेव्हा पुढे आली. त्यातलं मिश्रण कोणाच्या सांगण्यावरून होतं, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्याने यावर आपला तोडगा काढला आहे. तिथे पैसे घेऊन बागेत येणारे सल्लागार असतात. सल्ल्याचे रोख पैसे मोजले की सल्लागाराला बाटली खपवायची गरज उरत नाही. हिशेब चोख वाटतो, फक्त त्याचं स्वतःचं औषधांचं दुकान आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं. पण हा तोडगाही पुरा पडत नाही. २०१०च्या हंगामात सीसीसी या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपात आपली द्राक्षं अडकली. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला ते उपयोगी होतं, त्या अर्थाने सल्ला चुकीचा नव्हता. वेल जाणणाऱ्याला वेलीबद्दल विचारलं गेलं. तिकडचा खरेदीदार किती अंश चालवून घेतो, हा प्रश्न वेगळा होता, आणि तो दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवा होता.

म्हणून ‘विश्वासाचा माणूस’ शोधत बसण्यापेक्षा कोणाला कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवलेलं बरं. दुकानदाराला ‘काय देता?’ असं न विचारता ‘यंदा आजूबाजूला काय दिसतंय?’ असं विचारा. त्याच्याइतकं खरं उत्तर दुसरीकडे मिळणार नाही. मारायचं की नाही, हे कृषी विज्ञान केंद्राला विचारा किंवा किसान कॉल सेंटरला. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात फुकट बोलता येतं.

शहरात बाटलीच्या जागी म्युच्युअल फंड येतो, एवढाच फरक. वितरकाला कमिशन फंडाकडून मिळतं. ‘तुमचं आहे ते ठीक आहे, नवीन काही घेऊ नका’ असं सांगून त्याच्या पदरात नवं काही पडत नाही. सेबीने २०१३मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी वेगळे नियम केले. या नोंदणीकृत सल्लागाराने फी ग्राहकाकडूनच घ्यायची असते. पण देशभरात मिळून असे सल्लागार जेमतेम हजाराच्या घरात आहेत. याचा दोष निव्वळ सेबीला देता येणार नाही. पाच लाखांच्या पॉलिसीवर मुकाट सही करणारा माणूस पाच हजारांची फी ऐकली की उठून उभा राहतो.

एक सल्लागार मात्र सगळेच विसरतात. एकरी विक्रमी उत्पादन काढणाऱ्याकडे शिवारफेऱ्या जातात, त्याचे फोटो छापून येतात. ज्याने पाच वर्षं बाग सांभाळून अखेर कुऱ्हाड लावली, त्याच्या बांधावर कोणी फिरकत नाही. पाणी कोणत्या महिन्यात संपलं, मजूर कधी मिळेनासे झाले, व्यापारी किती पैसे बुडवून गेला, हे सगळं त्याला तारखेनिशी पाठ असतं. त्याला काही विकायचं नसतं. नवी बाग लावणाऱ्याने कलमं आणण्याआधी एक संध्याकाळ त्याच्याकडे काढावी. तो बोलेल, फक्त विचारताना कीव दिसता कामा नये.