गार्डन डुप्लेक्सची बाग कोणाच्या मालकीची?

पुण्यात प्रभात रोडच्या एखाद्या गल्लीतलं तळमजल्याचं डुप्लेक्स विकायला निघालं की जाहिरात ठरलेली असते. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, आतून जिना, वर बेडरूम आणि सोबत 'स्वतःच्या मालकीची बाग'. किंमत सांगताना बागेचे चौरस फूटही घराच्या भावाने मोजलेले. घेणारेही, चांगले शिकलेसवरलेले लोक, ठासून सांगतात, "अहो, करारनाम्यात लिहिलंय ना? मग बाग आमचीच." हे वाक्य ऐकून ऐकून आता राग येतो, कारण त्याच्या भरवशावर माणसं आयुष्यभराची पुंजी ओततात आणि वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात.

स्पष्टच सांगायचं तर सोसायटीच्या किंवा अपार्टमेंटच्या इमारतीत तळमजल्यासमोरच्या जमिनीची स्वतंत्र मालकी एका फ्लॅटधारकाला मिळत नाही. फार तर ती जागा वापरायचा हक्क मिळतो, आणि तोही योग्य कागद असेल तरच.

या भागात हा गैरसमज इतका का रुजला, हे कळण्यासारखं आहे. 1906 साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आसपास बंगल्यांची वस्ती वाढली. त्या बंगल्यांची बाग खरोखरच मालकाची होती, कारण प्लॉट त्याचा होता. बंगला पाडून इमारत उभी राहिली, तेव्हा प्लॉट तोच राहिला पण वाटेकरी वाढले. आंब्याचं जुनं झाड कुंपणाशी तसंच उभं असतं, त्यामुळे खाली राहणाऱ्याला बंगल्यात राहिल्यासारखं वाटतं. वाटू द्यावं, पण त्याने सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बदलत नाही.

मंजूर नकाशा मागवा आणि टेबलावर पसरून बघा. बाग जिथे दिसायला हवी, तिथे इमारतीची भिंत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये एक पट्टी दिसेल. ते साइड मार्जिन. उजेड-वारा यावा, आग लागली तर माणसांना आणि बंबाला वाट मिळावी, म्हणून ती जागा मोकळी सोडायला लावलेली असते. मग प्रत्यक्ष लॉनवर जा आणि कुंड्या जरा सरकवून बघा. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं सापडतील, कधी जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकणही. वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी ज्या चेंबरमधून जातं, ती जागा एकट्याची कशी होईल? चेंबर तुंबला की सोसायटीचा प्लंबर त्याच हिरवळीवर फावडं घेऊन उभा राहणार, आणि त्याला अडवता येणार नाही.

आता कायदा. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा 1970 चा. त्यातल्या सामाईक जागांच्या व्याख्येत अंगण, बाग आणि पार्किंग यांची नावं घेतलेली आहेत. घोषणापत्रात वेगळं म्हटलं नसेल तर त्या सगळ्यांच्या. 2016 च्या रेरा कायद्यातही उद्यानं, खेळायच्या जागा आणि उघडं पार्किंग सामाईक धरलं आहे, आणि कलम 17 प्रमाणे सामाईक जागांचा अविभाज्य हक्क बिल्डरने रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून द्यायचा असतो. 2010 साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, कारण ते सामाईक आहे. वाद पार्किंगचा होता, पण बागेच्या नावाने पैसे मोजण्याआधी प्रत्येकाने तो निकाल समजून घ्यावा. बिल्डरकडे जे विकायला नव्हतंच, ते त्याच्या करारनाम्यातल्या एका ओळीने तुमचं होत नाही, आणि तुमच्याकडून पुढच्याकडेही जात नाही.

वापराचा हक्क मात्र खरा असू शकतो. अपार्टमेंट असेल तर नोंदवलेल्या घोषणापत्रात ती बाग 'मर्यादित सामाईक जागा' म्हणून तुमच्या फ्लॅटच्या नावाने राखून ठेवलेली आहे का, ते बघा. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव मागा. सेक्रेटरी "कोणी काही बोलत नाही हो" म्हणाले, तर तो ठराव नव्हे. आणि कागद असला तरी त्या जागेवर पत्र्याची शेड किंवा जादा खोली बांधता येत नाही.

पैशाचा खरा फटका बसतो पुनर्विकासात. डेक्कन-एरंडवण्यातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. नव्या घराचं क्षेत्रफळ ठरतं ते जुन्या घराच्या कार्पेट एरियावरून, आणि रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्चीसुद्धा धरत नाहीत. बाग तर इमारतीच्या बाहेरच. ज्या बागेसाठी घराचा भाव मोजला, तिच्या बदल्यात हातात काही पडेल अशी आशा धरू नये.

बाकीचे समज थोडक्यात.

'जुना भाग आहे, म्हणजे हेरिटेज. खिळासुद्धा ठोकता येणार नाही.' इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे विचारून घेता येतं. यादीतल्या इमारतीचीही परवानगी घेऊन दुरुस्ती होते.

'खालचा-वरचा फ्लॅट घेऊन मध्ये जिना काढला की झालं डुप्लेक्स.' स्लॅब कापायला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि महापालिकेची मंजुरी लागते. जिना मंजूर नकाशात नसेल तर ते बेकायदा बांधकाम आहे, मग त्याला कितीही सुंदर सागवानी कठडा असो.

'पूर एकदाच आला, पानशेतचा.' 12 जुलै 1961 ची आठवण पुण्यात अजून ताजी आहे, पण धरण फुटायची गरज नसते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठी पाणी शिरतं. प्रभात रोडच्या वरच्या अंगाला ही भीती नाही, डेक्कनच्या नदीकडच्या बाजूला आहे. तिथे तळमजला घेताना निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची, हे ध्यानात ठेवून विकास आराखडा बघा.

'तळमजल्यावर राहतो, लिफ्टचा खर्च आम्हाला लागू नाही.' सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी तिचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, वापर असो वा नसो. अपार्टमेंटमध्ये तर सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मोठ्या डुप्लेक्सवाल्याला सहसा जास्तच भरावा लागतो. सौदा ठरवण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या वर्षभराची देखभालीची बिलं आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या.