आडव्या गोधडीला उभं करताना

गोधडी ही आडवी वस्तू. अंथरायची, पांघरायची, फार तर उन्हं खायला दांडीवर टाकायची. तिला भिंतीवर उभी टांगायची म्हटलं, की शिवण संपल्यावरचं एक वेगळंच काम सुरू होतं. या कामाला अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या पडूका गावात मोठा मान आहे. ओहायो नदीकाठचं हे जेमतेम 27 हजार वस्तीचं गाव. बिल आणि मेरेडिथ श्रोडर या जोडप्याने 1984 मध्ये इथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी पहिलं प्रदर्शन भरवलं आणि 1991 मध्ये क्विल्टचं, म्हणजे तिकडच्या गोधडीचं, संग्रहालय उघडलं. 2013 मध्ये युनेस्कोने हस्तकला आणि लोककलांसाठी पडूकाला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं.

क्विल्ट तीन थरांची असते. वर जोडलेल्या तुकड्यांचं कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर, आणि तिन्हींना एकत्र धरणारा धावदोरा. पलंगावर ती पसरलेली असते तेव्हा तिचं वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. टांगली की तोच भार वरच्या काठावर येतो. टाचण्या किंवा चिमटे लावले तर तेवढ्याच जागी कापड ताणतं, मधे झोळ पडतो आणि काही दिवसांत टाके ओढले जातात. म्हणून पाठीमागे नेफा लावतात. लेंग्याला नाडीसाठी असतो तोच प्रकार, फक्त 4 इंच रुंद आणि दांडीसाठी.

हा नेफा लावणं दिसतं तेवढं सोपं नाही. साडेआठ-नऊ इंच रुंदीची पट्टी घ्यायची, क्विल्टच्या रुंदीपेक्षा थोडी आखूड, म्हणजे दांडीची टोकं दोन्हीकडे बाहेर राहतात. पट्टीच्या कडा दुमडून शिवायच्या, तिची नळी करायची आणि वरचा काठ क्विल्टच्या पाठीवर हाताने तुरपायचा. खालचा काठ लावताना मात्र पट्टी सपाट ताणायची नाही, तिला किंचित पोट ठेवायचं. दांडी आत गेली की तिची जाडी त्या पोटात मावते. पोट नसेल तर दांडी पुढच्या बाजूला उठून दिसते आणि महिनोन्महिने बेतलेल्या नक्षीवर आडवा उंचवटा येतो. टाका अस्तर आणि कापूस पकडेल, पण पुढच्या कापडावर उमटणार नाही, एवढ्याच खोलीचा हवा. दोन्ही टोकांना तो दुहेरी घालतात, कारण दांडी सरकवताना ओढ तिथेच बसते.

त्याआधी क्विल्ट चौकात बसवायची असते. शिवताना दोऱ्याने कापड कुठे कमी, कुठे जास्त आवळलं जातं. पलंगावर ते कळत नाही, पण टांगल्यावर कडा लाटेसारख्या हलताना दिसतात. मग ती ओली करून जमिनीवर स्वच्छ चादरीवर पसरतात, हाताने हळूहळू सरळ करतात, कोपरे गुण्याने तपासतात, दोन्ही कर्ण टेपने मोजतात, टाचण्या लावतात आणि पंख्याखाली पूर्ण सुकू देतात. नक्षी आखायला वापरलेल्या निळ्या पेनाच्या खुणा गार पाण्याने आधीच धुवायला हव्यात. त्यांच्यावर इस्त्री फिरली तर त्या पक्क्या होऊन बसतात. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग सुटतो का, हेही पाणी लावण्याआधीच पाहावं लागतं.

पडूकाच्या प्रदर्शनात परीक्षणाच्या वेळी शिवणारीचं नाव झाकलेलं असतं. परीक्षक आधी लांबून पाहतात, मग जवळून गोट चाचपतात. गोटाच्या आत कापूस कडेपर्यंत भरलाय का, कोपऱ्याची दुमड शिवून बंद केलीय का, हे बोटांना कळतं. टाके हाताचे की मशीनचे, हा वाद पडूकात बराच गाजला. 1989 मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'कोरोना 2 : सोलर एक्लिप्स' या मशीनवर टाके घातलेल्या क्विल्टला सर्वोच्च मान मिळाला, तेव्हा अनेकांना ते रुचलं नाही. मला स्वतःला हाताचा धावदोरा अधिक जवळचा वाटतो, पण तो निकाल योग्यच होता. गोट आणि कोपरे मशीनवालीलाही तितक्याच निगुतीने करावे लागतात.

प्रेक्षकांना हात लावायची मनाई असते. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक दालनात फिरतात आणि विचारलं तर कोपरा उचलून पाठ दाखवतात. मला ही पद्धत फार आवडते. गाठी कुठे लपवल्यात, अस्तर कसं निवडलंय, हे पाठच सांगते. शिवणारीचं नाव, गाव आणि वर्ष लिहिलेली चिंधीही तिथेच शिवलेली असते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1971 मध्ये जुन्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेकींवर नावच नव्हतं. 2002 मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्टचं प्रदर्शन ह्यूस्टनला झालं. तिथे मात्र शिवणाऱ्यांची नावं ठळक होती.

जीज बेंडच्या क्विल्टमध्ये शेतात घालून विरलेले कपडे आहेत आणि त्यांच्या कडा मुळातच वाकड्या आहेत. अशा क्विल्टला गुण्या लावून सरळ करणं म्हणजे तिचा स्वभाव मोडणं. आपल्या गोधडीचंही तसंच आहे. तिच्यात बहुधा कापूस नसतो, जुन्या लुगड्यांचे थर असतात, ते धुऊन धुऊन मऊ झालेले आणि जागोजागी विरलेले. तिला ओली करून टाचण्यांनी ताणली तर टाक्याशेजारचं कापडच फाटेल. नेफा मात्र तिला हवाच, तोही पूर्ण रुंदीभर आणि शक्यतो जुन्या धुतलेल्या सुती कापडाचा, कारण नव्या मांजरपाटाची कड विरलेल्या लुगड्याला कापते. टाका फक्त मागच्या थरात न घालता दोन-तीन थरांत घ्यावा. कडा जशा आहेत तशाच राहू द्याव्यात, दिवा थेट अंगावर सोडू नये आणि पाठीवर शिवणाऱ्या बाईचं नाव तिलाच विचारून घालावं.