संप मागे कोण घेणार?

20 डिसेंबर 2021 रोजी एसटीच्या संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेने परिवहनमंत्री अनिल परब यांच्याशी चर्चा करून संप मागे घेतला. बहुतेक कर्मचाऱ्यांनी मात्र ते मानलंच नाही. आम्ही संपावर नाहीच, दुखवट्यात आहोत, असं ते सांगत होते. मग मागे घेणार काय?

दुखणं जुनं होतं. गावाच्या लेखी चालक-वाहक सरकारी माणसं, पण त्यांचा पगार भागायचा महामंडळाच्या तिकिटांतून. कोरोनात गाड्या उभ्या राहिल्या, पगार रखडले, काहींनी आयुष्य संपवलं. सरकारी तिजोरीतून पगार हवा, म्हणजेच महामंडळाचं सरकारमध्ये विलीनीकरण हवं, ही मागणी त्यातून पेटली. मान्यताप्राप्त संघटनेने वर्षानुवर्षं वेतनकरार केले होते. त्या करारांवरच लोक चिडले होते. आंदोलनाचं नेतृत्व मुंबईच्या आझाद मैदानातल्या माइककडे गेलं.

त्याआधी, 24 नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात वाढ दिली होती: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना 5000 रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना 4000, त्यापुढच्यांना 2500. तळाचा पगार फारच तुटपुंजा होता, त्यामुळे हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. पण वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्याच्या हाती नवख्याच्या निम्मी वाढ! आंदोलनाचं नेतृत्व करणारे गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत मैदानातून बाहेर पडले. वकील गुणरत्न सदावर्ते उरले. माझ्या मते तडजोडीची खरी वेळ तीच होती, पण ‘विलीनीकरण नाही तर काहीच नाही’ म्हटल्यावर परतीची वाटच बंद झाली. अखेर 7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. संपात साडेपाच महिने गेले, विलीनीकरण नाहीच. तरीही 2023 मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या बँकेची निवडणूक सदावर्तेंच्या पॅनेलने जिंकली. जुन्या पुढाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये मात्र संघटनांनी कृती समितीच्या नावाने एकत्र येऊन 3 तारखेला संप पुकारला. गणपती 7 तारखेला, कोकणात निघालेले चाकरमानी बस स्थानकात. दुसऱ्याच दिवशी सह्याद्री अतिथिगृहावर मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंनी मूळ वेतनातली वाढ सरसकट 6500 केली. आधी 5000 मिळालेल्यांना आणखी 1500, 4000 वाल्यांना 2500 आणि 2500 वाल्या जुन्या माणसाला 4000. समितीने त्याच दिवशी संप मागे घेतला आणि या वेळी गाड्या निघाल्या.