जुना प्रोजेक्टर अडगळीत टाकू नका!

शाळेतल्या प्रोजेक्टरला फक्त ते निळं, १५ छिद्रांचं व्हीजीए सॉकेट आहे? तरीही टॅबलेट बिनवायरचा जोडता येतो. एक मिराकास्ट डोंगल, म्हणजे टॅबलेटचं चित्र वाय-फायने घेणारं छोटं यंत्र घ्या आणि त्याचं एचडीएमआय प्रोजेक्टरला जोडायला सोबत एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. दुकानात दिशा नीट तपासा. व्हीजीए ते एचडीएमआय हा वेगळा असतो, तो उलटा चालत नाही.

मला मिराकास्ट आवडतं ते एकाच कारणासाठी: इंटरनेट लागत नाही! टॅबलेट आणि डोंगल वाय-फायने थेट एकमेकांना जोडले जातात. रेंज नसलेल्या वाडीवस्तीवरच्या शाळेला आणखी काय हवं? सॅमसंगच्या टॅबवर ‘स्मार्ट व्ह्यू’ उघडा, डोंगलचं नाव दाबा, झालं. आयपॅडला मात्र एअरप्ले चालणारं डोंगल लागतं.

व्हीजीएतून आवाज जात नाही. म्हणून ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक असलेलाच कन्व्हर्टर घ्या आणि त्याला स्पीकर लावा. डोंगलला वीज मोबाइलच्या चार्जरवरून द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबीतून ती पुरेलच असं नाही आणि मग ऐन धड्यात चित्र जातं.

काही ओटीटी ॲपचे व्हिडिओ पडद्यावर काळेच दिसतील. तो बिघाड नव्हे, कॉपी रोखण्याची सोय आहे.