सुरतेचे रविवार

सुरतेचे नाव निघाले की बडोद्याच्या आपल्या जुन्या घरांतून दोनच गोष्टींची आठवण निघते. पहिली शिवछत्रपतींनी केलेली लूट, आणि दुसरी घारी. लूट दोनदाच झाली, १६६४च्या जानेवारीत आणि १६७०च्या ऑक्टोबरात. घारी मात्र दर वर्षी येते, एवढाच काय तो फरक! कोणी इतिहासात अधिक मुरलेले असले तर तिसरी गोष्ट सांगतात. १९०७ सालच्या डिसेंबरात येथे काँग्रेस फुटली, त्या दिवशी सभामंडपात भिरभिरत गेलेला तो दक्षिणी जोडा. त्यापलीकडे सुरत म्हणजे मुंबईस जाताना गाडी थांबली की चहा घेण्याचे एक स्टेशन.

नऊ वर्षांपूर्वी मी येथे आलो तो गाणे शिकविण्यासाठी. सकाळी एका शाळेत, संध्याकाळी घरीच पेटी पुढे ओढून. दोन वर्षे काढावी आणि दांडिया बाजारातल्या घरी परत यावे, असा बेत होता. बेत तसाच राहिला, वर्षे तेवढी पुढे गेली. गेल्या उन्हाळ्यात वडीलबंधूंचा फोन आला. घर पाडून तेथे इमारत उठायची आहे, आपल्या वाट्यास दोन बिऱ्हाडे येतील. त्यातले एक तू घेणार की पैसे घेणार, ते दिवाळीपूर्वी सांग. बडोद्यातच शिकविण्याची एक जागाही त्यांनी माझ्यासाठी पाहून ठेवली होती. मी लवकर उत्तर देईना, तेव्हा दादा म्हणाले, "अरे, त्या सुरतेत आहे तरी काय? ना दरबार, ना बैठक, ना ऐकणारे. हिरे, साड्या आणि धूर!"

प्रश्न रास्त होता. आमच्या घरातल्या कोणीही तो विचारला असता. वडील कलावंत कारखान्याच्या पटावरचे अगदी शेवटचे नाव म्हणावे असे. आजोबांच्या मागे तंबोरा धरून बसत तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९५० साली फैयाजखाँसाहेब गेले, आणि त्या थोड्या वर्षांत कानांवर जे पडले त्याच्या शिदोरीवर वडिलांनी पुढचा सारा जन्म काढला. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. गाणे म्हणजे बडोदे, हे आम्हां भावंडांना बाळगुटीबरोबरच मिळाले. १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा काढली ती बडोद्यास. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या खटपटीने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यास. मग सुरतेने मिरवावे तरी काय?

दादांना फोनवर जे सांगता आले नाही ते येथे लिहितो. सुरतेत रविवार आहे.

सुरती माणूस सहा दिवस कसा राबतो हे मी सांगावयास नको. परंतु रविवारी संध्याकाळी त्याच्या घरात चूल पेटवणे म्हणजे जवळजवळ अपशकून! म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सारे घर बाहेर पडते. फार लांब जाण्याचीही त्याला गरज वाटत नाही. डुमसच्या रस्त्याच्या कडेला बरीशी जागा दिसली की चटई पसरायची, डबे उघडायचे, पत्ते वाटायचे. हाकेच्या अंतरावरून मोटारी धावत असतात आणि ही मंडळी नदीकाठच्या अमराईत बसल्यासारखी बसलेली असतात. गप्पांत ठायीठायी शिव्या येतात, पण सुरती शिवीत राग नसतो. गवई समेवर येण्यापूर्वी तिहाई घेतो तशी ती वाक्य संपण्यापूर्वी येते. नवख्याचे कान लाल होतात, वर्षभराने सवय होते. माझी मुलगी मात्र महिन्यातच त्यात तयार झाली, त्याचे सौ.ला अद्याप दुःख आहे.

आम्ही पहिल्या वर्षी रविवारी घरीच असू. घरमालकीणबाईंना ते पाहवेना. "मास्तर, रविवारे घेर केम बेठा छो?" असे दारात येऊन विचारीत, जणू घरात कोणी आजारी आहे. शेवटी त्यांनीच आम्हांस डुमसला नेले. डुमसची वाळू काळी आहे, समुद्रही फारसा देखणा नाही. ज्याने कोकण पाहिले त्याने तेथे समुद्रासाठी जाऊ नये. जावे ते कंदपुरीसाठी. जांभळ्या कंदाच्या पातळ चकत्या डाळीच्या पिठात बुडवून, वर भरडलेले धने-मिरे लावून तळतात. वारा खारट, पुरी गरम. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी पण?" त्यानंतर आमचा रविवार घरी गेल्याचे मला आठवत नाही.

या बाईंविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. त्यांच्या जिन्यात, माझ्या डोक्याच्याही वर, भिंतीवर एक पुसट रेघ आहे. २००६च्या ऑगस्टात उकाई धरणातून पाणी सोडले आणि तापीने शहराचा बहुतेक भाग पोटात घेतला, त्या वेळच्या पाण्याची ती खूण. भिंतीला चारदा रंग लागला, पण तेवढी पट्टी त्यांनी रंगवू दिली नाही. देवांच्या तसबिरी रेघेच्या वर टांगल्या आहेत. त्याच्याही आधी, १९९४ साली, प्लेगच्या भयाने अर्धे गाव पळाले तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. पुढे शहर धुऊन-पुसून निघाले, ते इतके की २०२३च्या स्वच्छता पाहणीत सुरतेने होळकरांच्या इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला. बाईंना या क्रमांकाचे कौतुक बेताचेच. पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या गच्चीवर कोणीतरी चहा केला, त्याची गोष्ट त्या अधिक रंगवून सांगतात. त्या चहात दूध नव्हते. "एवी चा पछी कदी नथी पीधी," असे म्हणून त्या रविवारचे डबे भरावयास लागतात. सुरती माणूस रस्त्याच्या कडेला इतक्या निश्चिंतपणे का बसतो, याचे उत्तर मला त्या जिन्यात मिळाले.

खाण्याचे किती लिहावे? 'सुरतनुं जमण' ही म्हण आपल्याकडेही सर्वांस ठाऊक आहे. लोचो हा प्रकार, खमणाचे पीठ सैल राहिले आणि लोचा झाला त्यातून निघाला, असे सांगतात. आपल्या सेवउसळीपुढे तो मला आजही कमीच वाटतो, आणि हे मी येथे उघड बोलत नाही! कोजागरीच्या दुसऱ्या रात्री, चंदी पडव्याला, सारे गाव घारी आणि भुसू, म्हणजे मिसळीचे फरसाण, घेऊन चांदण्यात बसते. आपण कोजागरीला दूध आटवून थांबतो, सुरतकर दुसऱ्या दिवशी तूप गोठवून तीच रात्र लांबवतो. १८५७च्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या शिपायांसाठी प्रथम घारी झाली अशी आख्यायिका येथे सांगतात. खरे-खोटे तात्या जाणोत. पण घारी मराठी पोटासाठी झाली, हे ऐकून दुसरी घारी उचलावयास संकोच वाटत नाही.

पण मला स्वतःला विचाराल तर सुरतेचा खरा काळ थंडीचा. तेव्हा पोंक येतो. पोंक म्हणजे आपला हुरडाच. कोवळी ज्वारी निखाऱ्यावर भाजून, झोडून, हिरवेगार दाणे वेगळे काढतात, आणि लिंबू-मिऱ्याची शेव घालून ताकाबरोबर देतात. बडोद्यास हुरडा माझ्या वाट्याला फार तर दोनदा आला असेल. येथे अडाजणला पोंकाच्या टपऱ्या लागतात, तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या बाकावरून कोणी बाई म्हणाल्या, "कथा जाई राहिनात, सर?" मला वाटले कीर्तनाची कथा विचारतात! त्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या आई निघाल्या. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'.

येथूनच माझी दुसरी सुरत सुरू झाली. सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापीकाठची जुनी लाईन नंदुरबार, अमळनेर, जळगाव करीत जाते, आणि त्या लाईनीने खानदेशातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मागांवर कामाला येत राहिली. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत हिंडावे तर आपण धुळ्यास आहोत की सुरतेस, कळू नये. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. माझ्याकडे संध्याकाळी येतात ती मुले बहुतेक याच वस्तीतली. वडील मागावर, आई साड्यांना टिकल्या लावणारी. ही मुले बडोद्याच्या मुलांसारखी 'सा' लावताना लाजत नाहीत. ज्या घरात बाहेरून बारा तास मागांची खडखड येते त्या घरात आवाज मोकळाच निघतो. लय तर त्यांना शिकवावीच लागत नाही. द्रुत तीनताल धरला की एकदोघे हसतात, कारण ती गत त्यांच्या ओळखीची असते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साज चढवून देवी मांडायची, रोट करायचे, रात्र जागवायची, सोमवारी वाजतगाजत पोहोचवायची. तिसऱ्या वर्षी मला बोलावणे आले. मी गेलो तो शिष्टाचार म्हणून, तासाभराने उठावे अशा विचाराने. बायका गात होत्या. चार स्वरांच्या पलीकडे चाल जात नव्हती. पण एक म्हातारी दर कडव्याला कोमल गंधाराच्या जरा खालीच थांबायची, आणि ते थांबणे असे की अंगावर काटा यावा. वडील एक गोष्ट सांगत. राजवाड्यात मोठी बैठक झाली की दुसऱ्या दिवशी आजोबा त्यांना घेऊन मांडवीच्या बाजूस भाजीवालींची गाणी ऐकावयास जात. आजोबा असे का करीत, ते वडिलांनी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. मी पहाटे चारपर्यंत बसलो. दादांच्या 'ऐकणारे नाहीत' या बोलण्यावर मला म्हणायचे आहे ते एवढेच, की येथे मी स्वतः ऐकणारा झालो.

मुलांना घेऊनही आम्ही हिंडतो. सुरतेचा किल्ला अलीकडे दुरुस्त करून पाहण्यास खुला केला आहे. १५४०च्या सुमाराचे बांधकाम, तापीच्या अगदी काठावर. १६६४त सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दार लावून बसला होता. दिंडोलीच्या एका पोराने तटावरून खाली पाहत पहारेकऱ्याला विचारले, "महाराज कोणत्या बाजूने आले?" पहारेकरी गुजराती, त्याने न चिडता हात उंचावून बाजू दाखविली. असे लोक आहेत.

गेल्या श्रावणात मात्र जी सहल झाली ती बडोदेकरांनी मुद्दाम ऐकावी. त्याच लाईनीवर, व्यारा ओलांडल्यावर, सोनगड लागते. आपल्यापैकी किती जण तेथे गेले आहेत? अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत पिलाजीराव गायकवाडांनी आपले ठाणे रोवले ते या डोंगरावर. १७३२ साली डाकोरास त्यांचा घात झाला, १७३४ साली दमाजीरावांनी बडोदे घेतले. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची नोकरी, वाडे, दांडिया बाजार, सगळ्याचे मूळ या चढावर. विद्यार्थ्यांची चार घरे आणि आमचे एक, असे डबे घेऊन गेलो. चढ दम काढतो. वर पडके बुरूज, देवीचे ठाणे, पिराची जागा, आणि एका बाजूस उकाईचे अफाट पाणी. जिन्यातली ती रेघ ज्या पाण्याने ओढली ते पाणी येथे निळेशार, निमूट पसरलेले. एका मुलाच्या वडिलांनी, सबंध रात्रपाळी करून आलेल्या त्या माणसाने, भाकरी संपल्यावर म्हटले, "सर, काहीतरी म्हणा." तंबोरा नाही, पेटी नाही. मी भूपाचे चार आलाप घेतले. वेळ भूपाची नव्हती, भर दुपार होती. परंतु रात्रपाळीवाल्याला कसली वेळ? तो डोळे मिटून ऐकत होता आणि मध्येच झोपी गेला. इतकी सुखाची दाद मला आजवर मिळालेली नाही.

तेथून उतरल्यावर, गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो असताना, मी दादांना फोन केला. बिऱ्हाड नको, पैसे चालतील, आणि वडिलांचे दोन मिरजी तंबोरे मला हवेत. पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. ज्या ओट्यावर वडील पहाटे खर्ज लावीत तो ओटा आता मला कधीच दिसणार नाही, हे मलाही त्याच क्षणी उमगले, आणि अजूनही रात्री कधी ते आठवले म्हणजे झोप येत नाही. दादा अखेर म्हणाले, "तंबोरे मी पाठवणार नाही. तू येऊन ने."

दिवाळीच्या आधी मी गेलो आणि ते घेऊन आलो. गाडीला गर्दी होती. भरुचपर्यंत एक भोपळा मांडीवर आणि दुसरा एका अनोळखी वृद्ध गृहस्थांच्या मांडीवर. नर्मदेच्या पुलावर खडखडाट झाला तशा गवसणीतल्या तारा आपोआप झणझणल्या, आणि ते गृहस्थ दचकून हसले. आता दोन्ही तंबोरे माझ्या खोलीत आहेत. सुरतेची हवा समुद्राजवळची, दमट, तारा उतरतात. दिंडोलीचा एक मुलगा जवारीचा दोरा सरकवण्यात हळूहळू हुशार होतो आहे. दादांना माझ्या कानाचा भरवसा नाही, त्याच्या तर नाहीच; म्हणून येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ते स्वतः तंबोरे लावून द्यावयास येणार आहेत. त्यांनी फोनवर विचारले, पोंकाची शेव फार तिखट असते काय, आणि संध्याकाळची परतीची गाडी किती वाजता आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे, घरमालकीणबाईंनी फोन हातातून घेऊन, "रविवारे सांजे कोई जाय?" असे दिले.