कार्ड आहे, पण सोनोग्राफी कुठे करायची?

‘आमच्याकडे सरकारी कार्ड आहे, मग सोनोग्राफीला पैसे का मागतात?’ सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागे. विचारणाऱ्याच्या एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, दुसऱ्या हातात कार्ड. खासगी सेंटरच्या काउंटरवर कार्ड पाहून नकार मिळालेला असतो. हा डॉक्टर विमा घेत नाही, दुसरा कुणी घेत असेल, असे त्याला वाटते आणि तो गावभर सेंटरे पालथी घालतो.

हे फिरणे बहुधा फुकट जाते, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांचा करार होतो तो रुग्णालयाशी. नुसते सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करणाऱ्या सेंटरला खाटाच नसतात, त्यामुळे ते या योजनांत बसतच नाही. तेथील रेडिओलॉजिस्ट, म्हणजे आपण ज्यांना क्ष-किरणतज्ज्ञ म्हणत आलो ते डॉक्टर, मनाने कितीही चांगले असले तरी आपल्या कार्डावर त्यांना बिल लावता येत नाही.

योजना पैसे देते ते ठरलेल्या उपचाराच्या ‘पॅकेज’चे. शस्त्रक्रिया, औषधे, खाट, जेवण आणि त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या हे सारे त्या एका रकमेत येते. आयुष्मान योजनेत तर दाखल होण्याआधीच्या 3 दिवसांतल्या आणि घरी गेल्यावर 15 दिवसांपर्यंतच्या तपासण्याही धरल्या आहेत. पण पोट दुखते म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली आणि ती करून आपण घरी गेलो, तर त्याचा खर्च योजनेत येत नाही. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्ड मिळू लागले. तेव्हापासून अनेक घरांत समज झाला आहे, की आजोबांच्या सगळ्या तपासण्या आता फुकट. तसे नाही.

यात खरी अडचण कुठे येते, ते सांगतो. उपचाराला मंजुरी मिळण्यासाठी रोग काय आहे, याचा पुरावा लागतो आणि तो पुरावा पुष्कळदा सीटी किंवा एमआरआयच्या अहवालातच असतो. म्हणजे उपचार मोफत, पण त्याच्या दारापर्यंत जाण्याची वाट पैशाची! एका आजींच्या पोटात गाठ लागत होती. मुलगा शेतमजूर. गावच्या डॉक्टरांनी सीटी लिहून दिला. काही हजार रुपये जमेपर्यंत दीड महिना गेला. पुढे योजनेतल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिला एक रुपयाही लागला नाही. मुलाने सीटीची पावती पुढे केली, पण या योजनेत आपण आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि पैशाचे जाऊ द्या, गाठीच्या दुखण्यात दीड महिना म्हणजे थोडा काळ नव्हे.

त्या मुलाने सीटीची चिठ्ठी हातात पडताच योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठायला हवे होते, पण हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आरोग्यमित्र योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात बसतो. कागद दाखवून त्याला सरळ विचारावे, ‘हा आजार योजनेत आहे का? ही तपासणी इथे दाखवून, इथेच दाखल होऊन करता येईल का?’ रुग्णालयाकडे स्वतःचे यंत्र नसेल, तर त्याने बाहेरच्या सेंटरशी व्यवस्था केलेली असते आणि त्याचे पैसे रुग्णालय देते. मंजुरी मिळून दाखल झालेल्या रुग्णाला ‘एमआरआयचे तेवढे रोख भरा’ असे कुणी म्हणाले, तर ते नियमाला धरून नाही. अशा वेळी 155388 किंवा 14555 या क्रमांकावर तक्रार करावी. भांडण नको म्हणून लोक गप्प बसतात, ते मला कधीच पटले नाही.

दाखल व्हावे लागणार नसेल, तर विमा बाजूला ठेवून सरकारी दवाखान्याचाच रस्ता धरावा. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. त्याला कार्ड लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असल्याने तिथे शुल्क लागते, पण ते खासगीच्या मानाने पुष्कळ कमी. गरोदर स्त्रियांसाठी सरकारी संस्थांत सोनोग्राफी 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून मोफत आहे.

मात्र इथे दुसरी गोष्ट आडवी येते. यंत्र असते, पण ते पाहणारा डॉक्टर नसतो. एक्स-रे तंत्रज्ञ काढू शकतो. सोनोग्राफीचे तसे नाही, तिथे डॉक्टरच यंत्र हातात धरून पाहतो. त्यातून 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या जागेतच आणि नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच ती करायची. हा निर्बंध योग्यच आहे, पण त्यामुळे डॉक्टर सुटीवर गेला की दुसऱ्याला पटकन बसवता येत नाही. अनेक ग्रामीण रुग्णालयांत रेडिओलॉजिस्ट ठरावीक वारीच येतात. तेव्हा एस.टी.चे तिकीट काढण्याआधी फोन करून ‘सोनोग्राफीचा वार कोणता?’ एवढे जरूर विचारावे.

बाहेरच्या सेंटरमध्येही चालतो असा सरकारी विमा काही जणांकडे असतो आणि त्यांनाच त्याची कल्पना नसते. राज्य कामगार विमा योजनेतला कामगार, ज्याच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का कापला जातो, त्याला व त्याच्या कुटुंबाला दाखल न होताही तपासण्या मिळतात. आपल्या दवाखान्यात सोय नसेल, तर तिथले डॉक्टर पुढे पाठवतात. केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तांची सी.जी.एच.एस. आणि माजी सैनिकांची ई.सी.एच.एस. या योजना तर निदान केंद्रांशीच थेट करार करतात. इथे ‘आमचे कार्ड घेणारा रेडिओलॉजिस्ट कोण?’ हा प्रश्न बरोबर ठरतो आणि त्याचे उत्तर दवाखान्यातल्या यादीत मिळते. सर्वसाधारण नियम असा, आधी आपल्या दवाखान्याची चिठ्ठी, मग सेंटर. साताऱ्याकडचे एक माजी सुभेदार चिठ्ठीशिवाय थेट सेंटरवर गेले आणि बिलाचा कागद घेऊन महिनाभर हेलपाटे घालत राहिले.

तपासणी कुठेही होवो, फिल्म किंवा सीडी आणि रेडिओलॉजिस्टच्या सहीचा अहवाल, दोन्ही मागून घ्यावेत. नुसत्या अहवालावर पुढच्या डॉक्टरांचे समाधान होत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. आणखी एक. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देऊन सीटी करायचा असेल, तर मूत्रपिंडे ठीक आहेत ना हे पाहण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन आधी तपासतात. ते त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि सरकारी रुग्णालयातच करून जावे, म्हणजे यंत्रापाशी पोहोचल्यावर परत फिरावे लागत नाही.